फावड्याची पलटण

"आबांस्नी सांगितलंस का न्हाई अजून?" बाळासोनं उंबऱ्यातूनच विचारलं.

चंद्राबाई परातीत बाजरीचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"न्हाई."

"आये, दहाच्या एस्टीनं माणसं फाट्यावर उतरत्याल. आन् तू अजून..."

"मग तू सांग की. तू थोरला हाईस."

बाळासो उंबऱ्यावरच टेकला. धाकटा भाऊ जालिंदर गेल्याची तार आली त्याला सात महिने झाले होते. तेव्हापासून या घरात बापलेकांचं बोलणं बैल, वैरण आणि पाळीचं पाणी एवढ्यावर येऊन थांबलं होतं. त्यापलीकडचं काही असलं तर दोघंही चंद्राबाईच्या तोंडून बोलत. 'आबांस्नी म्हणावं', 'बाळ्याला म्हणावं'. समोरासमोर बसून.

पत्र पंधरा दिवसांपूर्वी सांगलीहून आलं होतं, लेफ्टनंट गंगाधर मोघे यांचं. 'मी आणि जालिंदर डेहराडूनच्या अकादमीत एका खोलीत राहिलो. आता आसामातून रजेवर आलो आहे. तुम्हाला भेटल्याशिवाय परत जाणार नाही. माझी आईही येईन म्हणते आहे.' हौसानं ते आईला दोनदा वाचून दाखवलं आणि मायलेकींनी मिळून उत्तर धाडलं, रविवारी या. आबांना, म्हणजे राजारामला, त्यातलं अक्षर कळू दिलं नाही. जालिंदरचं नाव निघालं की तो उठून रानात जायचा. पलटणीतून आलेलं इंग्रजी पत्र त्यानं मास्तरांकडून वाचून घेऊ दिलं नव्हतं. गावातली चार माणसं लेकाच्या नावानं पुण्यानुमोदनाला या म्हणून बोलवायची म्हटलं, तेही नको म्हणाला होता.

पीठ तसंच झाकून चंद्राबाई उठली आणि रानाची वाट चालू लागली.

शाळूची काढणी चालली होती. राजाराम एकटाच ओळींची पाथ धरून ताटं उपटत होता. साठीला आलेला, पण पाठ हवालदाराची, वाकली तरी मोडत नव्हती. बायकोला येताना पाहून त्यानंच विचारलं, "कोण येतंय आज? हौसीनं सकाळी सकाळी दार सारवलंय."

"जालूच्या संगतीचा हाय. अकादमीतला. सांगलीचा."

राजारामनं उपटलेल्या ताटाची माती पायावर आपटून झाडली. ते खाली ठेवलं. दुसरं धरलं.

"येऊ दे. जेवाय घाला. मला बोलवू नगा."

"आवं, त्यो तुमास्नी भेटायला एवढ्या लांबनं..."

"मला काय इचारायचं न्हाई कुणाला. पोरगं पाण्यात बुडालं. पवणारं पोरगं. पवायला म्याच शिकवलं त्येला. आनखी काय ऐकू?"

सात महिने चंद्राबाई हे ऐकून मागं फिरत आली होती. आज ती फिरली नाही.

"तुमास्नी ऐकायचं नसंल. मला ऐकायचं हाय. माझाबी त्यो हुता."

एवढं बोलून ती घराकडं निघाली. राजाराम तिच्या पाठीकडं बघत राहिला. हातातलं ताट त्यानं दुसऱ्यांदा झाडलं, माती नसताना.

*

फाट्यावर एस्टी थांबली. साध्या सदऱ्यातला, केस बारीक कापलेला उंच तरुण आधी उतरला आणि त्यानं आईला हात दिला. नऊवारीतल्या, पन्नाशीच्या प्रमोदिनीबाईंच्या हातात पिशवी होती. बाळासोनं ती घेतली.

"तुम्ही बाळासो," गंगाधर म्हणाला. "तुमचं अक्षर मला ओळखता येतं. तुमची पत्रं जालिंदर मला वाचून दाखवायचा. म्हशीला रेडकू झाल्याचंसुद्धा."

बाळासोला हसू आलं आणि लगेच ते गेलंही. प्रमोदिनीबाई चार पावलं मागं आहेत असं बघून तो हळू आवाजात म्हणाला, "सायेब, एक सांगून ठेवतो. आबांसमोर जालूचं नाव जपून काढा. त्यांचं दोघांचं शेवटच्या रजेत वाजलं हुतं."

"सॅपर्सवरून?"

"तुमास्नी ठावं हाय?"

"भांडण झालं एवढं माहीत आहे. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही."

बाळासोनं चालता चालता सांगितलं. त्यांच्या आज्यानं गावाची वेठ केली, मेलेली ढोरं ओढली. मग पहिल्या लढाईत दोन वर्षं पलटणीत गेला, तेवढेच त्याचे मानाचे दिवस. आबा दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशात लढून हवालदार होऊन आले. आणि त्यांचा पोरगा अधिकारी झाला. वडूजच्या बाजारात आबा छाती काढून चालायचे. मग कळलं की जालूनं रायफलवाली पलटण सोडून पूल-रस्ते बांधणारी सॅपर्सची पलटण आपण होऊन मागून घेतली.

"आबा म्हणालं, 'गावाचं फावडं तुझ्या आज्याच्या हातातनं सुटायला तीन पिढ्या गेल्या. आन् तू आफिसर हून फावड्याची पलटण मागून घेतलीस?' जालू म्हणाला, 'आबा, रायफलवाला ज्या पुलावरनं जातो, त्यो कुणीतरी बांधायाच लागतो.' झालं. आबांनी तोंड फिरवलं. जालू गेला त्या दिवशी फाट्यावर घालवायलाबी आलं न्हाईत." बाळासोचा आवाज कडवट झाला. "ती शेवटची भेट. ह्ये मी त्यास्नी माफ करणार न्हाई."

 सदऱ्याच्या खिशावर गंगाधरनं हात ठेवला आणि तसाच चालत राहिला.

*

घरात भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिसरा खिळा जालिंदरच्या तसबिरीसाठी होता, तो मोकळाच होता. हौसानं पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र प्रमोदिनीबाईंपुढं केलं. त्यांचा हात उचलला आणि मधेच, अगदी क्षणभर, थांबला.

हौसाला तो क्षण ओळखीचा होता. वडूजच्या शाळेत सातवीपर्यंत तिनं तो पुष्कळदा पाहिला होता. ती तांब्या मागं घेऊ लागली.

"थांब गं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "खोटं कशाला बोलू? आजवर असं कुणाकडे पाणी घेतलं नाही मी. हात आपोआप थांबला. त्याच्याकडे बघू नकोस तू." त्यांनी फुलपात्र घेतलं, सगळं पाणी प्याल्या आणि पुन्हा पुढं केलं. "अजून दे. उन्हाचं आलोय."

चंद्राबाई भाकरी टाकायची थांबून बघत होती. "घरात चालंल का बाई, तुमी हितं आल्याला?"

"ह्यांना वाईला बहिणीकडे जाते म्हणून सांगितलंय."

"आन् कळंल तवा?"

"बोलतील. मी ऐकून घेईन." प्रमोदिनीबाई सरकून चुलीजवळ आल्या. "चंद्राबाई, माझा थोरला कृष्णेत गेला. अकरा वर्षांचा होता. मित्रांबरोबर घाटावर गेला, तो परत आलाच नाही. त्या दिवसापासून गंगाधरला मी घाटाची पायरी उतरू दिली नाही. सांगलीत वाढलेलं पोर, आणि पाण्याला भ्यायचं. अकादमीत पोहण्याची परीक्षा असते. उंच फळीवरून उडी टाकायची आणि पलीकडे निघायचं. हा दोनदा बसला, दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा झाला असता तर सहा महिने मागे पडला असता. राजीनामा देऊन परत येतो असं लिहिलं होतं त्यानं. ते पत्र आलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. खरं सांगते. मला तो परतच हवा होता."

"मग?"

"मग तुमच्या मुलानं मला पत्र लिहिलं. ओळख ना देख. 'बाई, गंगाधरला बोलावू नका. तुमच्या भीतीनं तो बुडतोय, पाण्यानं नव्हे. मला चाळीस दिवस द्या.' एवढंच. मला राग आला होता त्याचा. पण चाळीस दिवस दिले." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आज माझा मुलगा मान वर करून चालतो. त्याचं हे ऋण. आणि तुमचा मुलगा पाण्यानंच नेला. मी कोणत्या तोंडानं यायचं, हेच मला सात महिने कळत नव्हतं."

चंद्राबाईनं पिठाचा हात तसाच त्यांच्या हातावर ठेवला.

"दोघींचंबी पाण्यानंच नेलं म्हणायचं," ती म्हणाली.

मग दोघी एकमेकींच्या मुलांबद्दल बोलत राहिल्या. आधी गेलेल्यांबद्दल आणि मग ती लहान असतानाच्या गोष्टींबद्दल. भाकरी हौसानं टाकल्या.

*

गंगाधर रानात आला तेव्हा राजारामनं त्याच्याकडं वळून पाहिलं नाही. गंगाधरनं बूट काढून बांधावर ठेवले, शेजारची पाथ धरली आणि शाळू उपटू लागला. पहिली चार ताटं मधेच मोडली.

"बुडाला धरा," राजाराम म्हणाला. "आन् हातास्नी फोड येत्याल, सायेब."

"येऊ देत."

अर्धी पाथ दोघं उपटत गेले. बाळासो मागं पेंढ्या बांधत होता. मग राजारामनं विचारलं, "तुमी कंच्या पलटणीत?"

"पायदळात."

"बरं केलंसा."

पुढं चार ढांगांवर विहीर होती. काठ दगडाचा, आत उतरायला एका बाजूनं पायऱ्या. गंगाधर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"आबा, हीच का ती?"

"कसली ती?"

"तुम्ही जालिंदरला जिच्यात शिकवलंत. गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं म्हणून लढाईवरून आल्यावर तुम्ही स्वतः खणलीत ती."

राजारामचा हात ताटावरच राहिला. "त्यानं सांगितलं तुमास्नी?"

"एकदा नव्हे, चाळीस दिवस. दुपारी सगळे कॅडेट झोपायचे तेव्हा तो मला पोहण्याच्या तलावावर न्यायचा. माझ्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक स्वतःच्या हातात, आणि काठानं चालायचा. मी म्हणायचो, ओढून धर, मी बुडेन. तो म्हणायचा, 'आमचं आबा असंच शिकवायचं. दोर हातात असतो, पर ताण देत न्हाईत. पानी काय वैरी न्हवं, त्येच्यासंगं भांडू नगं.'"

सांगलीच्या ब्राह्मणाच्या पोराच्या तोंडून आपलीच बोली, आपलेच शब्द आलेले ऐकून राजाराम बांधावर बसला. पंधरा वर्षांपूर्वी याच काठावर तो हे बोलला होता. ऐकायला फक्त एक सात वर्षांचं पोर होतं.

चंद्राबाई, हौसा आणि प्रमोदिनीबाई भाकरीची पाटी घेऊन येत होत्या. राजारामनं त्यांना पाहिलं. या वेळी तो उठून गेला नाही.

"बसा," तो म्हणाला. "आन् तुमी सांगा, सायेब. काय सांगाय आलाय ते."

लिंबाच्या सावलीत सगळे बसले. गंगाधरनं आधी अकादमीतलंच सांगितलं. मेसमध्ये भांडी घासणाऱ्या एका म्हाताऱ्याला दिसेनासं झालं होतं. जालिंदरनं त्याला तीन रविवार सायकलवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या रविवारी परतायला उशीर झाला. सात दिवस पाठीवर ओझं घेऊन धावायची शिक्षा मिळाली, पण का उशीर झाला हे त्यानं सांगितलं नाही. ते म्हाताऱ्यानंच पुढं सगळ्यांना सांगितलं.

"आम्ही त्याला चिडवायचो, तू चुकून सैन्यात आलास म्हणून. तो म्हणायचा, सैन्यात आलो म्हणून तर दोन हातांऐवजी दोनशे हात मिळणार."

राजाराम खाली बघत ऐकत होता. "आन् त्या दिवशी?" त्यानं विचारलं.

गंगाधरनं आईकडं एकदा पाहिलं.

"मी तिथं नव्हतो. पण नोव्हेंबरात माझी कंपनी त्या बाजूनं गेली तेव्हा मी त्याच्या सुभेदारांना शोधून काढलं. सुभेदार बिराप्पा शेंडगे, जतचे. त्यांनी सांगितलं ते सांगतो. नदीच्या मधल्या बेटावर एक गाव होतं. पाणी चढत होतं. यांनी दोर लावून बोट सोडली. सकाळपासून अकरा फेऱ्या झाल्या, दीडशेच्या वर माणसं काढली. शेवटी छपरावर एक म्हातारा राहिला. जवान थकले होते. दोर हातात टिकेना म्हणून काठावरच्या चौदाही जणांनी तो कमरेला गुंडाळून घेतला होता. जालिंदर म्हणाला, आता कुणी बोटीत यायचं नाही, ही फेरी माझी."

वारा नव्हता. शाळूची पानंसुद्धा हलत नव्हती.

"मधे गेल्यावर वरून एक मोठं झाड वाहत आलं आणि बोटीला अडकलं. दोर असा ताणला गेला की काठावरचे जवान पाय रोवूनही पाण्यात ओढले जाऊ लागले. पहिले दोघं छातीपर्यंत गेले. सुभेदार ओरडले, साहेब, आम्ही धरलंय! त्यानं एकदा काठाकडे पाहिलं. आणि चाकू काढून दोर कापला."

चंद्राबाईनं तोंडाला पदर लावला. प्रमोदिनीबाईंनी तिला जवळ घेतलं.

राजारामला पुष्कळ विचारायचं होतं. पण लढाई पाहिलेल्या माणसाच्या तोंडून एकच प्रश्न आला.

"त्याची माणसं किती गेली?"

"एकही नाही."

"एकबी न्हाई?"

"चौदाही काठावर आले. म्हातारा छपरावरच होता, त्याला दुसऱ्या दिवशी काढलं. जिवंत. सुभेदार तीन दिवस नदीकाठानं चालले, तेव्हा जालिंदर सापडला. त्यांनी स्वतः अग्नी दिला."

राजारामनं पायाशी पडलेलं ढेकूळ हातात चुरलं. मग हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा, बोलू लागला.

"ब्रह्मदेशात आमचा एक आफिसर हुता. लय शूर. वढ्यापल्याडची चौकी आपुनच घ्यायची म्हणून हुकूम नसताना घुसला. त्येच्या शूरपणात माझी नऊ माणसं गेली. आजबी मला नवांची नावं पाठ हायती. त्येला पदक मिळालं." त्यानं हातातली माती झाडली. "माझ्या पोरानं तसलं व्हावं म्हणून मी भांडलो. आन् त्यो एकबी माणूस न घालवता गेला. ह्येला म्हणत्यात आफिसर. मला हवालदाराला कळाया पायजे हुतं."

"मग फाट्यावर का आला न्हाईसा?" बाळासोचा आवाज एकदम चढला. सात महिन्यांनी तो बापाशी थेट बोलत होता. "त्यो एस्टीच्या खिडकीतनं बघत हुता, आबा. गाडी हलस्तवर बघत हुता!"

"ठावं हाय."

"कसं ठावं असंल? तुमी..."

"म्या वरच्या बांधावर हुतो. गाडी मायणीच्या वळणाला जास्तवर उभा हुतो. खाली यायला पाय उचलला न्हाई." राजारामनं लेकाकडं पाहिलं. "ही गोष्ट मी कुणाला सांगू, बाळ्या? ज्येला सांगायची त्यो गेला."

 गंगाधरनं खिशातून एक घडी घातलेलं पत्र काढलं.

"सांगायची गरज नव्हती, आबा. त्यानं रेल्वेतूनच मला हे पत्र टाकलं होतं." त्यानं ते हौसाच्या हातात दिलं आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

हौसानं वाचलं. " 'घरी सगळे बरे आहेत. आबा रागावलेत. फाट्यावर आले नाहीत, पण वरच्या बांधावर उभे होते. तांबडा पटका लांबून ओळखला. माझी काळजी मिटली.' "

राजारामनं डोक्याचा पटका काढला, तोंडावर धरला आणि रडला. तार आली तेव्हाही तो रडला नव्हता. बाळासो उठून त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. चंद्राबाईनं कुणालाच गप्प केलं नाही. थोड्या वेळानं तिनं पाटी पुढं ओढली, भाकरीवर पिठलं घातलं आणि पहिली भाकरी गंगाधरच्या हातात दिली.

"खा बाबा. त्येच्या वाटची तू खा."

मग सगळेच जेवले. प्रमोदिनीबाईंनी कांदा हातानं फोडायचा प्रयत्न केला, तो फुटेना. राजारामनं तो घेऊन बुक्कीनं फोडून दिला. "आता ह्ये बी सांगलीला शिकवा," तो म्हणाला. सात महिन्यांनी त्या माणसांत कुणीतरी हसलं.

*

पाहुणे तीनच्या एस्टीनं गेले. त्यांना घालवायला राजाराम फाट्यापर्यंत गेला. गाडी वळणाआड होईपर्यंत तो रस्त्यावरच उभा राहिला.

परत आल्यावर त्यानं हौसाला हाक मारली. "कागद-पेन आण. सुभेदारास्नी पत्र लिव्हायचंय."

अंगणात दिवस कलला होता. हौसा पाट मांडून बसली. आबांची सगळी पत्रं तीच लिहायची. तलाठ्याला असो की मामलेदार कचेरीला, सुरुवात तिला पाठ होती. विचारल्याशिवायच तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, " 'राजाराम संतू सरतापे, माजी हवालदार, यांजकडून...' "

"खोड त्ये."

"का, आबा?"

राजाराम उठून दोन येरझारा घालून आला. सांगताना त्याचा आवाज परेडवर असावा तसा स्वच्छ होता.

"लिव्ह. 'सुभेदार बिराप्पा शेंडगे यांस जयभीम. मी लेफ्टनंट जालिंदर सरतापे यांचा बाप.' "

हौसाचं पेन थांबलं. तिनं डोळे पुसले आणि मोठ्या अक्षरात ते लिहिलं.

" 'तुमी तीन दिस नदीच्या काठानं चाललासा. माझ्या पोराला अग्नी दिलासा. बापाचं काम तुमी केलंसा. तुमचं उपकार फिटायचं न्हाईत, आन् मला फेडायचंबी न्हाईत. तसंच ऱ्हाऊ द्या. तुमच्याबरुबर जे तेराजण हुते, त्या समद्यांची नावं आन् गावं मला कळवा. नावं पाठ करायची मला सवय हाय.' "

त्यानं अंगणात आणखी एक येरझार घातली.

" 'जतला तुमचे आईबाप असतील, तर त्यांचा पत्ता लिव्हा. तुमी खुशाल हायसा, ह्ये मी जाऊन त्यांस्नी सांगून येतो. पत्रात वाचणं येगळं, आन् माणसानं दारात येऊन सांगणं येगळं. ह्ये मला आज कळालं.' "

हौसा लिहीत होती. राजारामनं घराकडं तोंड करून विचारलं, "चंद्रे, जतला जायाला एस्टी कुठनं लागती गं?"

उत्तर गोठ्यातून आलं. बाळासो वैरण टाकत होता.

"विट्याला बदलायची, आबा," तो म्हणाला. "शाळू निघू द्या. मीबी येतो."